छोट्या गाड्यांचे मोठे धक्के

प्लास्टिकच्या गाडीला बंपर चिकटवलं की ग्लू वाळेपर्यंत ते दाबून धरावं लागतं. हात हलवायचा नाही, उठायचं नाही, फोन घ्यायचा नाही. तोंड तेवढं मोकळं! आता चार माणसं दर रविवारी अशी एका टेबलाभोवती अडकून बसल्यावर दुसरं काय होणार? आमच्याकडं गाड्यांपेक्षा किस्से जास्त झालेत ते यामुळंच.

धाराशिवात माझं चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या माडीवर आमचा अड्डा. जुन्या काळातल्या मोटारींची किट आम्ही जमवतो आणि जोडतो. गाडी तळहातावर मावेल एवढी आणि तिचे तुकडे शंभर-दीडशे! माझ्याखेरीज उमरग्याचे दातांचे डॉक्टर बिराजदार, परंड्याचा द्राक्षबागायतदार भारत शिंदे आणि तुळजापूरचे रिटायर्ड ड्रॉइंग टीचर धर्माधिकारी सर. संपली यादी. पाचवा माणूस एकदा आला होता. "ह्या चालत न्हायत व्हय?" असं विचारून गेला तो गेलाच!

*

जुन्या किटमधला एखादा तुकडा हमखास गायब असतो. बिराजदार डॉक्टरांच्या एका लांबलचक अमेरिकन गाडीला पुढची जाळीच नव्हती. पण माणूस दातांचा डॉक्टर! कवळीचं मटेरियल हाताशीच. त्यांनी साचा केला, जाळी ओतली, पॉलिश केली आणि कवळीच्याच डबीत घालून क्लिनिकच्या टेबलावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी एक आजी तयार कवळी न्यायला आल्या. डॉक्टर दुसऱ्या पेशंटच्या दाढेत गुंतलेले. कंपाउंडरनं टेबलावरची डबी उचलून दिली.

संध्याकाळी आजी परत! सोबत त्यांचा मुलगा, हैदराबाद हायवेवर ट्रक चालवणारा.

"डागदर, ह्ये दात लई बारीक हायेत वो," आजी म्हणाल्या. "दुपारपसनं बसवायले, पर टाळूलाच टोचायलेत!"

डॉक्टरांनी डबी उघडली, तर आत त्यांची जाळी! ते माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आईला गाडीची जाळी बसवलीत, आता हॉर्न बी बसवून टाका की! तशी गरज न्हाय म्हणा!"

*

भारत शिंदे एका जुन्या जीपचं किट कितीतरी वर्षं शोधत होता. शेवटी ते परदेशातल्या एका कलेक्टरकडं सापडलं. पार्सल निघाल्यापासून भारत द्राक्षांपेक्षा मोबाइलकडंच जास्त बघायचा.

पार्सल आलं तेव्हा नेमका तो बागेत फवारणीला गेलेला. घरी वडील होते, तात्या. तात्यांनी खोकं कानाशी धरून हलवलं. आत खुळखुळ खुळखुळ! त्यांनी कुरिअरवाल्याला उभं केलं आणि त्याच्यासमोर खोकं फोडलं.

"बघ! चाकं निखळल्यात, दारं निखळल्यात, इंजनाचा तर पार चुरा झालाय! आमी काय येडे हाव का? उचल ह्ये, आन् धाड माघारी!"

भारत घरी आला तेव्हा तात्या ओट्यावर खुशीत बसलेले. "तुझी लई मोठी फसवणूक वाचवली बघ आज!"

सगळं ऐकून भारत मटकन खालीच बसला. त्याचा चेहरा बघून तात्यांना वाईट वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे लेकरा. पुढच्या टायमाला जोडलेलीच मागव!"

*

मी हसलो होतो भारतला. मग माझी पाळी आली!

नवी कोरी गाडी कुणीही करील. खरी कसोटी गंज दाखवण्यात असते. मी एक अँबॅसडर केली होती, शेताच्या बांधावर वर्षानुवर्षं सडत पडलेली. तांबडा, तपकिरी, काळा, एकावर एक थर दिले. मीठ टाकून रंगाचे टवके उडवले. टायर बसलेले, काचेवर धूळ. अख्खा पावसाळा त्यात गेला. धर्माधिकारी सरांनी भिंग लावून बघितलं आणि "वा!" म्हणाले. सर सहजासहजी "वा" म्हणत नाहीत.

तेरहून माझी आत्या राहायला आली. मी दुकानातून जेवायला घरी आलो, तर टेबलावर एक पांढरीशुभ्र गाडी!

"आत्या, ही कुणी आणली?"

"आरं, तुझीच की! लई गंजली होती बाबा. चिंच लावली, निघंना. मग तारेच्या घासणीनं घासली. कशी लख्ख झालीय बघ!"

बायको हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. आणि आत्या मायेनं पुढं म्हणाली, "एवढ्या हौसेनं वस्तू आणता, मग निगा ठेवावी माणसानं. टायरमधी हवा बी न्हाय. तेवढी भरून घे!"

*

भारतच्या लग्नाचं जमत होतं तेव्हाची गोष्ट. मध्यस्थानं मुलीकडं सांगून टाकलं, "पोराकडं साठ-सत्तर गाड्या हायेत. त्या बी फॉरेनच्या!" आता यात खोटं काय होतं?

बार्शीकडून पाहुणे आले. मुलीचे मामा ट्रान्सपोर्टवाले. पोहे खाता खाता त्यांची नजर अंगणात फिरत होती. तिथं एक ट्रॅक्टर आणि एक मोटारसायकल.

"गाड्या रूटवर हायेत जणू?" मामांनी विचारलं.

"न्हाय," भारत सरळपणानं म्हणाला, "कपाटात हायेत."

त्यानं कपाट उघडून दाखवलं. मामांचा पोह्याचा चमचा हवेतच राहिला! तात्या खाली मान घालून बसले. मी त्या बैठकीत होतो. मला वाटलं, आता पाहुणे चहासुद्धा न घेता उठणार.

उठले मुलीचे वडील. कपाटापाशी गेले, वाकून एक एक गाडी बघितली. मग वळून म्हणाले, "पावनं, आमाला पसंत हाय! एवढ्या गाड्या असून डिझेल न मागणारा जावई दुसरीकडं कुठं घावायचा?"

लग्न झालं. पहिल्या दसऱ्याला नव्या सूनबाईंनी ट्रॅक्टरची पूजा केली आणि कौतुकानं कपाटातल्या गाड्याही बाहेर काढल्या. हळदकुंकू, झेंडू, सगळं झालं. भारतला आभाळ ठेंगणं! मग रीतीप्रमाणं त्यांनी एका गाडीच्या चाकासमोर लिंबू ठेवलं, आणि लिंबू चिरडायचं म्हणून मागून गाडी जोरात ढकलली.

लिंबू चाकाच्या तिप्पट! गाडी त्यावर चढली, कोलांटी घेऊन ओट्यावरून खाली फरशीवर! चार चाकं चार दिशांना. सूनबाई रडकुंडीला आलेल्या.

तात्यांनी प्रसादाचं ताट बाजूला ठेवलं, खाली वाकून नीट तपासलं आणि म्हणाले, "लिंबाला काय बी झालं न्हाय!"

*

धर्माधिकारी सरांकडं एक सीलबंद किट होतं. तरुणपणी शाळेची सहल घेऊन मुंबईला गेले तेव्हा घेतलेलं. खोक्यावर उघड्या टपाची, तारांच्या चाकांची जुनी मोटार. वरचं प्लास्टिक घट्ट, एक सुरकुती नाही. आमच्यात न फोडलेल्या खोक्याला फार मान!

"ही माझी सगळ्यात चांगली गाडी होणार," सर म्हणायचे. "गडद हिरवा रंग देणार. पण हात पुरता तयार झाल्याशिवाय हिला शिवायचं नाही."

"सर, तुमचा हात अजून कधी तयार व्हायचा?" आम्ही विचारायचो.

"अजून नाही."

मग सरांचा हात थरथरायला लागला. आधी ब्रश हलायचा, पुढं चहाचा कप. आता हे वाढतच जाणार, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या रविवारी सरांनी आम्हा तिघांना तुळजापूरला घरी बोलावून घेतलं. खोकं टेबलावर काढून ठेवलेलं.

"आज फोडू," सर म्हणाले. "मी सांगतो तसं तुम्ही जोडा."

आमच्यापैकी कुणी चेष्टा केली नाही.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, चहा आणून ठेवला. टेबलावरच्या पसाऱ्याकडं एक नजर टाकली आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या, "झालं की उचला सगळं." सरांच्या या नादावर त्यांचा जन्माचा राग, हे आम्हाला पाठ होतं. त्या आत गेल्या. त्यांचा घरगुती शेंगाचटणीचा उद्योग आहे. पाकिटं सील करायच्या मशीनचा आवाज सुरू झाला.

"ब्लेड तू धर," सर मला म्हणाले.

मी प्लास्टिक कापलं. सरांनी झाकण उचललं.

आत तुकडे नव्हते. गाडी होती!

पूर्ण जोडलेली, रंगवलेली, कापसावर अलगद ठेवलेली. तारांची चाकं, स्टिअरिंग, नखाएवढा आरसा, सगळं जिथल्या तिथं. आणि रंग गडद हिरवा नव्हे, झगझगीत चिंतामणी, साड्यांत असतो तसला निळा!

भारत दोन पावलं मागं सरला. बिराजदार डॉक्टर म्हणाले, "सर, सीलबंद होतं ना वो हे?"

सर पुढं सरकले. त्यांनी थरथरत्या हातांनी गाडी उचलली, उलटी केली. भिंग मागितलं. एक एक जोड बघत राहिले. चहावर साय धरली तरी बघतच होते. कुठंही ग्लूचा थेंब बाहेर आलेला नव्हता.

"हे आपल्यापैकी कुणाचं काम न्हाय," डॉक्टर हळूच म्हणाले. "असला रंग आपण वापरतच न्हाय."

"आपल्यापैकी कुणाला जमणारही नाही," सर म्हणाले.

आतलं मशीन थांबलं. पदराला हात पुसत काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरांकडं बघून म्हणाल्या,

"रंग आवडला का?"