विमानाला घातलेली आंघोळ

खंडेनवमीला मी विमानाला आंघोळ घातली, ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना चहाबरोबर देतात. प्रत्येक जण त्यात आपलं मीठ घालतो. वैतागून शेवटी मीच लिहायला बसले.

विमान म्हणजे नुसता सांगाडा. लेक विमान चालवायला शिकली होती आणि तिनं कुठूनसं दोन माणसांचं जुनं विमान मिळवलं. वरचं कापड उतरवलं तर आतल्या पोलादी नळ्या बाहेरून ठणठणीत. यांनी एकीत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो सरळ आत गेला. नळी आतून गंजून पापडासारखी झालेली. यांची हयात चौक गावात वेल्डिंगच्या दुकानात गेलेली. दुकान बंद करून घरात माझ्या डोक्यावर बसले होते, त्यांना आयतं काम मिळालं. मागच्या शेडमध्ये दिवसभर कापणं-जोडणं आणि जेवताना मला व्याख्यान. नळी बाहेरून नाही, आतून मरते. म्हणून प्रत्येक नळीला बारीक भोक पाडायचं, गरम जवसाचं तेल ओतायचं, सांगाडा चारी बाजूंनी फिरवायचा, जादाचं तेल काढून भोकात स्क्रू बसवायचा. तेल आत वाळून साय धरतं, मग गंजाला जागा नाही. पण आधी आत ओल नको, थेंबभरसुद्धा नको. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आणि एवढं पाठ असलेल्या बाईनं काय करावं? नवमीला सकाळी हे कर्जतला रंगवाल्याकडे तेल आणायला गेले. मी दारातली स्कूटर धुतली, शिलाई मशीन पुसलं, आणि वाटलं, लेकीच्या विमानाला काय धुळीवरच हळदकुंकू लावायचं? लावला पाइप. वर झेंडूचा हार. भोकं आदल्याच दिवशी पाडलेली, उघडी. मला ती दिसली नाहीत असंही नाही. एकेका भोकाशेजारी मी कुंकवाचं बोट टेकवलं, चांगली जागा दिसली म्हणून.

हे आले आणि ओली फरशी बघून दारातच थांबले.

"अगं, पाणी नाय ना मारलंस?"

"ओल्या फडक्यानं पुसलंय," मी म्हणाले. पन्नाशी उलटलेली बाई, आणि थाप पाचवीतल्या मुलीची.

दसऱ्याला सांगाडा फिरवायला लेक आली. तेल गॅसवर चढलं. ती हातमोजे घालता घालता म्हणाली, "आई, पहिल्यांदा पळसदरीच्या धरणावरून नेणार. तू गच्चीत उभी राहा." मी सगळं सांगून टाकलं.

यांनी गॅस बंद केला. ओरडले असते तर बरं, पण तेवढं सुख माझ्या नशिबी नाही.

"किती वेळ मारलंस?"

"हार घालेपर्यंत."

दोन दिवस आम्ही तिघं उन्हात तो सांगाडा उलटा, आडवा, नाकावर उभा करत होतो, भोकाभोकात गरम हवा सोडत होतो. दंड भरून आले. तिसऱ्या दिवशी यांनी नळीला कान लावला आणि जाहीर केलं की वाळलं. आता तेल.

मी आडवी आले. म्हटलं, धुतला तेव्हा सांगाडा शेपटीवर टेकून उभा होता, पाणी तिथंच साठलं असणार. सगळ्यात खालची नळी कापून दाखवा, मग ओता. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिथलाच जोड त्यांनी सगळ्यात जास्त मन लावून केला होता.

"आता तू मला वेल्डिंग शिकवणार?"

"ती बसणार आहे त्यात. तुमचा जोड नाही बसणार."

लेकीनंच करवत आणून यांच्या हातात दिली.

नळी उघडली. आत पाणी नव्हतं, पण तळाशी बोटभर रुंदीचा नारिंगी पट्टा उमटला होता. यांनी त्यावर अंगठा फिरवला, लाल झालेला अंगठा मला दाखवला आणि नवी नळी मोजायला घेतली. नंतर तासाभरानं म्हणाले, "बाजूच्या दोन्ही पण कापतो."

मी तेलाचं पातेलं झाकून फडताळात ठेवून दिलं. त्या आठवड्यात काही ते लागणार नव्हतं.