निवृत्तीभाऊंचं गेज

निवृत्तीभाऊंनी अंबडच्या कंपनीत एकतीस वर्षं माल तपासला. पार्टला गेज लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर लाल टॅग बांधून बाजूला. माणूस रिटायर झाला, पण नजर काही रिटायर झाली नाही. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचं मीटर, पाहुण्याचं हसणं, सगळ्यांत कुठंतरी पाणी मुरतंय असंच त्यांना वाटायचं. आणि अशा माणसाच्या घरात पोरगी निघाली नाटकवाली! आता बोला.

संजना पाच वर्षांची होती तेव्हापासून सिडकोतल्या घराच्या जिन्यावर तिचा खेळ चालायचा. डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन नळावर भांडणाऱ्या सगळ्या बाया ती एकटीच व्हायची. शेजारच्या वत्सलाबाई स्वतःचीच नक्कल बघून पोट धरधरून हसायच्या. भाऊ मात्र हसायचे नाहीत. जी पोरगी इतकी हुबेहूब वत्सलाबाई होते, ती खरं कधी बोलते आणि खोटं कधी, हे बापानं ओळखायचं कसं? महिनाभर पाळत ठेवल्यावर त्यांना गेज सापडलं. खोटं बोलताना संजना मूठ मिटायची आणि तिचा अंगठा मुठीच्या आत जायचा. दूध कुणी सांडलं? मांजरानं. अंगठा आत. रिजेक्ट! हे गुपित त्यांनी बायकोला, विमलाबाईंनासुद्धा, कधी सांगितलं नाही.

आठवीत चाचणी परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरगी पोट धरून बसली. भाऊंनी मूठ बघितली. अंगठा आत. "नाटक बंद. दप्तर उचल," ते म्हणाले. दुपारी शाळेतल्या बाईंनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. थोडक्यात वाचली. त्या दिवसाचा विषय पुढं घरात निघाला नाही, तिनं काढला नाही आणि भाऊंनी तर नाहीच नाही. गेज बरोबरच आहे, आपणच घाईत नीट बघितलं नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

नाटक काही तिचं सुटलं नाही. भीमजयंतीच्या स्टेजवर कामं झाली, कामगारांच्या नाट्यस्पर्धेत झाली, कॉलेजात एकांकिका झाल्या. बी.कॉम. झाली आणि मुंबईला पळाली. दीड वर्ष सिरियलमधल्या लग्नांत मागं उभं राहून अक्षता टाकल्या आणि बॅग घेऊन परत आली. मग डेंग्यूवर पथनाट्य, मतदानावर पथनाट्य, मॉलच्या वाढदिवसाला हत्तीचा पोशाख घालून नाच. वर्षभर तर घंटागाडीवर तिचाच आवाज वाजत होता, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. विमलाबाई बादली घेऊन खाली जायच्या आणि गाडीवाल्याला दर दोन दिवसांनी नव्यानं सांगायच्या, "आमची संजना आहे बरं ती!"

या उन्हाळ्यात संजना म्हणाली, एका मेडिकल कॉलेजात काम लागलंय.

"कसलं काम?" भाऊंनी विचारलं.

"प्रॅक्टिकलचं," असं म्हणून ती चप्पल घालून निघूनही गेली.

बी.कॉम. झालेल्या पोरीचं डॉक्टरांकडं कसलं आलंय प्रॅक्टिकल? भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या ओढणीला दवाखान्याचा वास यायला लागला. एकदा पर्समधून पेशंटच्या मनगटाला बांधतात तसली पट्टी पडली, तिच्यावर नाव भलत्याच बाईचं. खोटं नाव? आणि मग वत्सलाबाई त्याच कॉलेजच्या दवाखान्यात गुडघा दाखवून आल्या त्या थेट भाऊंच्या दारात.

"जय भीम भाऊ. सांगू का नको, असं झालंय. तुमच्या संजनाला बघितलं मी तिकडं. पेशंटचा गाऊन घातला होता, आणि रडत होती हो पोरगी."

 बायकोला काही न सांगता दुसऱ्या दिवशी भाऊ संजनाच्या मागोमाग निघाले. द्वारका चौकातून शेअर रिक्षा केली, कॉलेजच्या गेटवर उतरले. "पेशंटचा बाप आहे," म्हटल्यावर वॉचमननं सोडलं. एका सिस्टरनं नाव ऐकून चार नंबरची खोली दाखवली.

दार अर्धवट उघडं होतं. आत पलंगावर गाऊन घातलेली संजना, समोर कोवळा डॉक्टर, कोपऱ्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई.

"तीन महिन्यांपासून दुखतंय," संजना सांगत होती. "वजन उतरलंय. घरी कुणाला माहीत नाही."

भाऊंची नजर सवयीनं हाताकडं गेली. मूठ मिटलेली होती. अंगठा बाहेर. साफ बाहेर! म्हणजे सगळं खरं होतं. पोरगी मरणाच्या दारात होती आणि बापाला पत्ता नव्हता.

"संजे! अगं मला का नाही सांगितलंस गं!" भाऊ दार ढकलून आत घुसले आणि पलंगापाशी जाऊन चक्क रडायला लागले. कोवळ्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप खाली टाकला.

"पप्पा?" संजना ताडकन उठून बसली. "अहो, परीक्षा चाललीय इथं!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरीणबाईंनी भाऊंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं. खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी डॉक्टर होणाऱ्या पोरांची अशी परीक्षा घेतात. नाटकातली माणसं आणायची, आजार शिकवायचा, पट्टीवर खोटं नाव टाकायचं आणि पेशंट म्हणून झोपवायचं. "तुमची मुलगी आमची सगळ्यात चांगली पेशंट आहे. बघा ना, घरचा माणूससुद्धा फसला," बाई म्हणाल्या. त्या पोराची परीक्षा मात्र परत घ्यायची ठरली.

बाहेर बाकड्यावर संजना चिडून बसली होती. "म्हणून सांगत नव्हते घरी. तुम्ही म्हणाला असता, आता पोटदुखीचंही नाटक! पण इतकं काय मनावर घेतलंत?"

"तुझा अंगठा बाहेर होता," भाऊंच्या तोंडून निसटलं.

"कसला अंगठा?"

मग सांगणं आलंच. जिन्यावरच्या दिवसांपासूनचं सगळं गेज त्यांनी खाली मान घालून सांगितलं. संजना ऐकत राहिली. "पप्पा, इथं मी खोटं बोलत नव्हते. काम करत होते," ती म्हणाली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "म्हणजे आठवीत... तेव्हा अंगठा आत होता?"

"आत होता."

"अहो, कळ आल्यावर माणूस अंगठा आतच घेतो. कुणीही." तिचे डोळे भरले. "इतकी वर्षं मला वाटायचं, मीच काहीतरी असं केलं असेल, म्हणून तुम्ही विश्वास ठेवला नाही."

भाऊंना कंपनी आठवली. कंपनीत नियम होता, गेज चुकीचं निघालं तर त्यानं तपासलेला सगळा माल परत तपासायचा, पार पहिल्या नगापासून. सगळी परीक्षा संपेपर्यंत ते त्याच बाकड्यावर बसून राहिले. संध्याकाळी संजनानं स्कूटी काढली, स्कार्फ बांधला, हातमोजे चढवले. भाऊ मागं बसले आणि त्यांनी पहिल्या नगाला हात घातला.

"दूध मांजरानंच सांडलं होतं का गं?"

"हो पप्पा."

"आणि शेजारच्या बंटीच्या सायकलचा आरसा?"

"बंटीनंच फोडला. मार मी खाल्ला."

"सहावीत कंपासपेटी हरवली, ती?"

"ते मात्र खोटं बोलले होते. संगीता नावाच्या पोरीला देऊन टाकली होती."

द्वारकेच्या सिग्नलला गाडी थांबली. भाऊंनी घसा साफ केला. "आठवीतलं माझं चुकलं, संजे. फार चुकलं. तुझा राग आहे का अजून?"

संजनानं सिग्नलकडं बघितलं. मग म्हणाली, "नाही."

सवयीनं भाऊंनी मान लांब केली. पण मागं बसलेल्याला चालवणाऱ्याचा अंगठा दिसत नाही, त्यात तिचे हातमोजे. त्यांनी मान मागं घेतली.

"बरं," ते म्हणाले, आणि सिग्नल सुटला.