मामीचे टाके

माझ्या मामीला राग आला की ती भांडत नाही, काहीतरी उसवायला घेते. मामा धरणाच्या दरवाज्यांना ग्रीस लावायच्या नोकरीत होता. त्याला तिसऱ्यांदा बढतीतून डावललं, तेव्हा तिनं घरातले सगळे पडदे उसवले आणि दोन दिवसांनी पुन्हा शिवले. मधले दोन दिवस आम्हाला कपडे बदलायची चोरी झाली होती.

मी तिच्याकडेच वाढले. धरणाच्या वसाहतीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीला लागून मशीन. कामगारांचे गणवेश, विश्रामगृहाच्या चादरी, बोटींवरची ताडपत्री, सगळं त्या मशीनवरून गेलेलं. काम देण्याआधी ती प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ओढून बघायची. कापड फाटेल पण शिवण सुटणार नाही, हा तिचा तोरा होता आणि तो खराही होता.

पाच वर्षांपूर्वी जलाशयावर बोट क्लब निघाला. ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी होती तिथे रंगीत छत्र्या लागल्या. मला तिकीट खिडकीवर काम मिळालं. तिकीट द्यायचं, खुंटीवरचं लाइफ जॅकेट काढून माणसाला घालायचं आणि बोटीकडे पाठवायचं. जॅकेटशिवाय बोट सुटायची नाही, हा एक नियम मात्र क्लबमध्ये कडक होता.

गेल्या वर्षी मॅनेजर आमच्या घरी आला, तो गॉगल न काढताच. जुनी जॅकेटं फेकून द्यायची होती, नवी साठ हवी होती. केशरी कापड आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत सील केलेल्या स्पंजच्या वड्या त्यानं टेबलावर टाकल्या.

“पिशवी आत घालायची, कडेनं शिवायचं. संपलं काम, मावशी.”

“अहो, पण आत पिशवी सरकेल ना? सगळा स्पंज खाली गोळा होईल,” मामी म्हणाली.

“मग तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.”

तिला योग्य वाटलं तसं तिनं केलं. प्रत्येक जॅकेटला मधोमध, पिशवीसकट आरपार, तीन आडव्या शिवणी मारल्या. जाड सुई, दुहेरी दोरा. मॅनेजरनं एक जॅकेट ओढून बघितलं, खूश झाला आणि म्हणाला, “काय हात आहे तुमचा!” मामी आठवडाभर हवेत होती. त्या माणसाला ठाऊक होतं की हा आंघोळीचा स्पंज आहे आणि तो तरंगतो फक्त त्या पिशवीतल्या हवेवर. एक शब्द बोलला नाही. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मागच्या सोमवारी त्यातलं एक जॅकेट पट्टा तुटला म्हणून दुरुस्तीला आलं. मामीनं उचललं आणि तिथेच थांबली. चार दिवस उन्हात वाळत घातलं, तरी जड ते जडच. शनिवारी सकाळी तिनं मागच्या अंगणातला पिंप भरला, जॅकेटच्या पट्ट्याला माणसाच्या जागी वीट बांधली आणि आत सोडलं. आधी ते तरंगलं. मग बुडबुडे यायला लागले, तीन सरळ ओळींत. तिच्याच शिवणींच्या ओळी होत्या त्या. बघता बघता जॅकेट तळाला गेलं.

मामीनं ते पिंपातून बाहेर ओढलं. ओलं जॅकेट तसंच काखेत मारून ती क्लबवर गेली, मी मागोमाग. मॅनेजरनं ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलला.

“मावशी, इथे पोहायला कोण येतंय? फोटो काढतात, चक्कर मारतात, घरी जातात. बोट उलटल्याचं कधी ऐकलंय?”

“साहेब, भिंतीजवळ शंभर फूट पाणी आहे.”

“उद्या रविवार आहे. साठ जॅकेटं एका दिवसात कुठून आणू?” मग तो हसला. “आणि एक सांगा, भोकं कुणी पाडली?”

असा हात झटकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या तोंडावर शिवी आली होती; मामीनं माझा हात धरला आणि मला घरी आणलं.

रविवारी ती ब्लेडचं पाकीट घेऊन क्लबवर आली. पहिली बोट तेवढ्यात सुटली होती; फेकायची राहिलेली पाच-सहा जुनी जॅकेटं मी त्यातल्या लोकांना घातली होती. “जॅकेटांच्या खोलीची किल्ली दे,” म्हणाली. मी दिली. नोकरीचा विचार आला नाही असं नाही, पण दिली.

धक्क्यावर पाय पसरून ती बसली आणि एकेक जॅकेट मांडीवर घेऊन उसवायला लागली. स्पंज बाहेर, कापड बाजूला. मीही बसले. तिकिटाची रांग लागली, वाढली, तापली. पण लोकांचा राग कुणावर? मॅनेजरवर नाही, आमच्यावर! “दोन तास गाडी चालवत आलोय आम्ही!” एक गृहस्थ ओरडले. एका बाईनं आमचा व्हिडिओ काढला. ज्यांचे जीव वाचवायचे तेच अंगावर धावून येत होते, आणि मला त्या सगळ्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मॅनेजर धावत आला. “ही क्लबची मालमत्ता आहे! पोलिसांना बोलावतो!”

मामीनं मान वर केली नाही. “कापड तुमचं, स्पंज तुमचा. टाके माझे आहेत. माझे टाके मी काढून घेतेय.”

दुपारपर्यंत अठ्ठावन्न झाली. पिंपातलं धरून एकोणसाठ. साठावं पाण्यावर होतं, पहिल्या बोटीत. ती बोट तासाची चक्कर म्हणून गेली होती आणि पलीकडच्या काठाला इंजिन बंद पडून अडकली होती. दोरीनं ओढून आणली तेव्हा बाकीच्यांच्या अंगात जुनी, मळकी जॅकेटं होती. केशरी एकच, एका सहा-सात वर्षांच्या मुलीच्या अंगात. बोटीत शिरलेल्या पाण्यात ती बसून होती. जॅकेट खालपर्यंत भिजलेलं, पाणी गळतंय.

“काकू, हे खूप जड आहे,” ती म्हणाली.

मामी गुडघ्यावर बसली आणि पट्टा सोडवायला गेली. बक्कल मोडलेलं होतं, म्हणून पट्ट्याला गाठ मारली होती. दुहेरी. ओली होऊन ती अशी आवळली होती की मामीची नखं दुमडली, तरी सुटेना.

“ही कुणी मारली?” तिनं विचारलं.

“मी,” मी म्हणाले. सकाळी मीच मारली होती; जुन्यांत तिच्या मापाचं नव्हतं आणि जॅकेटशिवाय बोट सुटत नव्हती. सुटू नये म्हणून दोनदा ओढून बघितली होती.

मामीनं माझ्याकडे बघितलं. हातातलं ब्लेड माझ्या हातात दिलं आणि त्या मुलीला हलू नकोस म्हणून दोन्ही खांद्यांना धरून ठेवलं.