सर्व्हिसिंगची आगाऊ योजना

काही वर्षांपूर्वी आम्ही गाडी घेतली, तेव्हा भिवंडीच्या शोरूममधला सेल्समन मागेच लागला. पुढच्या सगळ्या सर्व्हिसिंगचे पैसे आत्ताच भरा, म्हणजे काळजी नको. आमचे हे त्याच्याशी ऑइल फिल्टरवरून हुज्जत घालत बसले, म्हणून मी वेटिंग रूममध्ये गेले.

तिथे एसीखाली बुरख्यातली एक जाडजूड बाई सोफ्यावर पाय घेऊन खुशाल घोरत होती. माझ्या चाहुलीने ती उठली आणि पिशवीतला खजूर तिने माझ्या हातावर ठेवला.

मी विचारलं, "तुम्ही ही योजना घेतलीय? फायदा होतो का हो?"

"गाडीचा मला काय ठाव? घरी खाली कापडाचा लूम, वर सासू. दोन्ही कवा बंद पडत न्हाय. हितं गाडी तयार होईपर्यंत मला कोण हाक मारत न्हाय."

"घरचे येऊ देतात?"

"अहो, पैसे आधीच भरलेत ना! नवराच पाठवतो. बोलतो, जा, नायतर फुकट जातील."

एवढं बोलून ती पुन्हा आडवी झाली.

बाहेर हे विजयी चेहऱ्याने म्हणाले, "नाहीच सांगितलं त्याला."

"आता हो सांगा," मी म्हटलं. "सर्व्हिसिंगला गाडीबरोबर मी येत जाईन."

माझ्या गाडीप्रेमाचं ह्यांना फार कौतुक वाटलं.