राणीची विहीर

राणीवाले सर सत्काराला बसले की आधी बाहेरचं दार कुठं आहे ते बघून ठेवायचे. पुरस्कार मिळालेला एवढा मोठा कादंबरीकार, पण गळ्यात हार पडला की चेहरा कोंडवाड्यातल्या बैलासारखा! मी जळकोटला त्यांच्याच शाळेत शिकवायचो, त्यामुळे हे सोंग फार जवळून पाहिलं.

पुरस्कार मिळालेल्या कादंबरीतली राणी सरांनी मनानं रचलेली. तिनं प्रजेसाठी विहीर खोदवली असं लिहायचं होतं, तर या भल्या माणसानं आपल्याच गावची विहीर हुबेहूब उतरवली. ती विहीर बहात्तरच्या दुष्काळात बायाबापड्यांनी रोजगाराच्या कामावर खोदलेली. सरांची आई गयाबाईही त्यातच. "तिच्या हाताचे घट्टे बघत मी मोठा झालो," सर म्हणायचे.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला आपला इतिहास हवाच होता. कादंबरीतलं वर्णन तंतोतंत जुळतंय म्हणून विहिरीवर राणीच्या नावाची पाटी लागली, दरसाल उत्सव सुरू झाला आणि अध्यक्ष कोण, तर सर. "अहो, राणी खोटी आहे," ते परोपरीनं सांगायचे. लोक म्हणायचे, "सर लई नम्र हायत." खोदणारेसुद्धा म्हणू लागले, राणीची बुजलेली असंल, आपण नुसता गाळ काढला. आता बोला! सरांना आईवर कादंबरी लिहायची होती, नांदेडच्या प्रकाशकाला दुसरी राणी हवी होती. "माझीच राणी मला सोडीना," ते म्हणायचे.

आई थकली तेव्हा मात्र सर हट्टाला पेटले. तिच्या डोळ्यांदेखत खरं सांगायचंच. उत्सवात माइक धरून ते म्हणाले, "राणी मी बनवली. ही विहीर माझ्या आईनं आन् तिच्यासोबतच्या बायांनी खोदली."

पुढं बसलेली गयाबाई काठी टेकत उठली. "ऱ्हाऊ दे लेकरा. राणीची हाय म्हणून कुणी तिच्यात घाण टाकत न्हाई. गयाबाईची म्हणलं तर कोण राखंल?"

टाळ्या पडल्या. सर मान खाली घालून खुर्चीत बसले. आईवरची कादंबरी त्यांनी लिहिलीच नाही. एकदा छेडलं तर म्हणाले, "तिनंच नको म्हटलं. आता कुणासाठी लिहू?"

आधी गयाबाई गेली, मग सरही गेले. त्या माउलीचा मला अजून राग येतो. विहीर मात्र आजही स्वच्छ आहे.