मुलाची जागा

कुवेतमधल्या रत्नागिरीकर मुसलमानांसाठी अशरफ परकार तिथल्याच मिरकाब भागातल्या एका खोलीतून मासिक काढायचा. लग्नं, क्रिकेट, गावच्या निवडणुका छापल्या, तेव्हा त्याला कुत्रं विचारेना. मग त्यानं ओळखलं, की या माणसांना आईबापाच्या मातीला जाता येत नाही. तो गावाकडून ताज्या कबरीचे फोटो मागवू लागला. फोटोवाल्याला एकच ताकीद होती: फोटोत कबरीशेजारी मुलाची उभं राहायची जागा मोकळी ठेव.

अंक हातोहात खपू लागला. वाचक ऑफिसात फोन करायचे आणि नुसते गप्प राहायचे. अशरफही काही न बोलता ऐकत राहायचा.

या अंकात त्याच्याच आईची कबर छापून आली. शेजारची जागा मोकळी होती. घरी बसून त्यानं आपल्याच ऑफिसचा नंबर फिरवला. बंद खोलीत फोन वाजत राहिला. उचलणारा माणूस तर इकडे होता.