पंधरा मिनिटांचं कडं

मला पोहता येत नाही. तरीही गेल्या वर्षी मी एका पाणबुड्याच्या घड्याळाचं परीक्षण केलं, आणि माझ्या चॅनलवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच आहे. त्याची मला आजही लाज वाटते. पोहता येत नाही म्हणून नव्हे.

मी ठाण्यात राहते, नोकरी करते आणि उरलेल्या वेळात घड्याळांवर मराठीत बडबड करते. कंपन्या तीन आठवड्यांसाठी घड्याळ पाठवतात, बोलून झालं की परत करायचं. हे घड्याळ नवंकोरं, पण जुन्यासारखं दिसेल असं बनवलेलं होतं. फुगीर काच, जाडसर काटे आणि आकड्यांच्या जागी चमकणारे ठिपके मुद्दाम पिवळट केलेले, जसं काही ते चाळीस वर्षं कुणाच्या तरी मनगटावर राहूनच माझ्याकडे आलंय. ही लबाडी मला खटकली, पण घड्याळ देखणं होतं हे मान्य करायलाच हवं. बॅटरी नाही, हात हलत राहिला की आपोआप चावी दिली जायची. दिवसाला सातआठ सेकंद पुढे जायचं, ते चालतं. दोनशे मीटर खोल पाण्यात टिकेल असा दावा होता. आमच्या ठाण्यात तळी रग्गड, पण घड्याळाखातर त्यात उडी मारण्याइतकी मी धंद्याला वाहून घेतलेली नाही. मी ते कपड्यांच्या बादलीत दिवसभर बुडवून ठेवलं. टिकलं.

त्याची खरी गंमत होती बेझलमध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यात. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग काटा पुढे सरकला की किती मिनिटं झाली ते कड्यावर वाचता येतं. हे कडं एकाच बाजूला फिरतं, टक टक टक करत. उलटं फिरतच नाही. चुकून धक्का लागून सरकलंच, तर जास्त वेळ गेला असं दाखवेल आणि माणूस लवकर वर येईल. कमी वेळ गेला असं दाखवून कुणाला खाली अडकवणार नाही.

हे मी सगळ्यात आधी बाबांना सांगितलं होतं. बाबा ठाकुर्लीला एकटे राहतात. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात ते शिफ्ट इन्चार्ज होते, आणि आई सांगायची की नोकरीत असताना हा माणूस घरात चार वाक्यं बोलला तर तो सणाचा दिवस. ती गेल्यावर मात्र त्यांच्या तोंडाला जो पाझर फुटला तो थांबेना. इस्त्रीवाल्यापासून सुरू झालेली गोष्ट त्याच्या मेव्हण्याच्या गावाला वळसा घालून यायची आणि परत आल्यावर बाबा विचारायचे, “कुठे होतो गं मी?”

कड्याचं त्यांना फारच कौतुक वाटलं. घड्याळ हातात घेऊन त्यांनी ते तीनतीनदा फिरवलं.

“म्हणजे चुकलंच तर सुरक्षित बाजूला चुकायचं,” ते म्हणाले. “अगं, आमचे व्हॉल्व्ह असेच असायचे. हवेचा दाब गेला की आपोआप बंद. एकदा काय झालं, सेकंड शिफ्ट होती...”

मी सहज म्हणून खूण काट्यासमोर आणली. ती सेकंड शिफ्ट संपली तेव्हा कड्यावर बेचाळीस मिनिटं झाली होती. त्यातली निम्मी मी फोनवर होते.

त्याच आठवड्यात मी व्हिडिओ केला. काच, काटे, पट्टा सगळं बोलून झालं, पण मधेच कुठेतरी एक हशा हवा असतो. मी म्हणाले, “आता ठाणे-डोंबिवलीत पाणबुडे किती? मग या कड्याचं करायचं काय? सोप्पंय. रविवारी माहेरी जा. वडील बोलायला लागले की कडं शून्यावर आणा. पंधरा मिनिटं झाली की निघा, नाहीतर तुमचा ऑक्सिजन संपेल!”

लोकांना हे बेहद्द आवडलं. खाली प्रतिक्रियांमध्ये हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. “ताई, अगदी आमच्या घरचं बोललात.” मी दिवसभर फोन काढून वाचत होते आणि खुशीत होते, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रविवारी ठाकुर्लीला गेले तर चहा थर्मासमध्ये तयार. एरवी मी आल्यावर बाबा आलं शोधायला लागायचे. टेबलावर दोन कप, बशीत बिस्किटं. त्यांनी पटापट सांगितलं की बीपीची गोळी बदलली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय, गच्चीच्या पाइपचं काम झालं. मग माझी पिशवी उचलून हातात दिली, आत दोन नारळ नि आईच्या पद्धतीचं मेतकूट भरलेलं. “निघ तू. कामं असतील घरी.”

मी निघाले. आणि जिना उतरताना मला हलकं वाटलं. हे लिहिताना हात जड होतोय, पण तसंच वाटलं होतं. बाबा सावरले, असं मी घरी गेल्यावर नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं.

त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. थर्मास, बिस्किटं, भराभर बातम्या. बाबा पिशवी आणायला आत गेले आणि मी चष्म्याच्या घराखालचा कागद उचलला. कॅलेंडरचं जुनं, पाठकोरं पान कापून त्यावर त्यांच्या त्या सुबक, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला चार्ज देण्यासाठी ते जन्मभर असंच लिहीत आले.

१. डोळ्यांची तारीख – २ मि.
२. गॅसची शेगडी – १ मि.
३. नातीची परीक्षा विचारणे – ३ मि.
४. गुडघा (ती विचारेल तरच)
५. लिफ्टमधल्या मांजराची गंमत (वेळ उरल्यास)

कागदाच्या वर कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल केला होता: १५.

त्यांना फोनवर चॅनल मीच लावून दिलं होतं. “बाबा, बघितलं नाही तरी चालेल, नुसता अंगठा दाबा,” असं वर सांगितलंही होतं. माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली पहिला अंगठा त्यांचा असायचा, आणि मी समजत होते की ते नुसता दाबतात.

पावलं ऐकू आली तसा मी कागद जागेवर ठेवला. गुडघ्याचं विचारलं नाही. तोंडाशी आलं होतं, पण विचारलं असतं तर कागद वाचल्याचं कळलं असतं. माझ्या घाबरटपणाची अशी मला चीड येते की काय सांगू. बाबांनी पिशवी दिली, मी घेतली. आल्याआल्या सवयीने फिरवलेलं मनगटावरचं कडं तेरा मिनिटं दाखवत होतं. म्हणजे पूर्ण पंधरासुद्धा ते घेत नव्हते. चुकायचं तर सुरक्षित बाजूला.

त्या आठवड्यात मी व्हिडिओतला तो भाग कापून टाकला. उपयोग काय? ज्याने बघायला नको होता त्याने तो बघितला होता. एकाने खाली लिहिलं, “ताई, माहेरचा जोक का काढला?” मुदत संपली होती, घड्याळ डब्यात घालून कुरियरने परत पाठवलं.

रविवारी रिकाम्या मनगटाने गेले. थर्मास तयारच होता. बातम्या भराभर सांगून झाल्या तशी मी म्हणाले, “बाबा, तो व्हिडिओ... ते मी उगाच, हसवायला म्हणून बोलले होते. चुकलंच माझं.”

“अगं, छान होता की,” बाबा म्हणाले. “मी तीनदा बघितला. तुला बोलायची कला आहे, ती तुझ्या आईची. लोक किती हसले!” त्यांच्या आवाजात कुठे खोच आहे का ते मी शोधत होते. नव्हती. असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

“घड्याळ कुठाय?”

“परत दिलं.”

“अरे! मग तुला कळणार कसं आता?” त्यांना खरंच काळजी वाटली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी मान हलवली. “असू दे. मी सांगेन.”

“बाबा, आज मला कसलीही घाई नाही. जेवूनच जाणारे मी. गुडघा कसा आहे?”

“बरा आहे.”

“आणि काहीतरी गंमत सांगा ना. बिल्डिंगमधली. एखाद्या मांजराची वगैरे.”

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, मग कागद जिथे असायचा तिकडे. आणि त्यांचा चेहरा उजळला. मी मांडी घालून नीट बसले. फोन पर्समध्ये, पर्स लांब खुर्चीवर. इस्त्रीवाला, त्याचा मेव्हणा, त्या मेव्हण्याचं गाव, सगळं ऐकायला मी तयार होते.

बाबांनी पुन्हा एकदा भिंतीकडे बघितलं आणि घसा साफ केला.

“एक मांजर आहे. ते लिफ्टने वर येतं. तिसऱ्या मजल्यावर उतरतं. जाताना जिन्याने जातं.”

मी थांबले. पुढे काही आलं नाही.

“बघ,” बाबा म्हणाले, आणि त्यांना स्वतःचा केवढा अभिमान वाटत होता, “बारा मिनिटांत सगळं आटपलं.”